रुनस्केपमधला पाखऱ्या: नवख्याची फजिती आणि नावाचा घोळ

संत्रावाला | रविवार, रात्री १:१०

मंडळी, हे शेतातून लिहितो आहे. मोटर चालू आहे, पाणी दांडात आहे, एकेका झाडाचं आळं भरलं की पुढच्याला वळवायचं. तेवढ्या वेळात जेवढं टाइप होईल तेवढं.

मी वरूड-मोर्शी पट्ट्यातला. साडेतीन एकर संत्रा, बाकी तूर-कपाशी. वय ३१. मोबाइलवर लुडो आणि तीन पत्तीच्या पुढे कधी गेलो नव्हतो. यंदा आंबिया बहाराचा ताण तोडला, म्हणजे फुलासाठी बंद ठेवलेलं झाडांचं पाणी पुन्हा सुरू केलं, आणि ओलिताच्या रात्री सुरू झाल्या. आमच्या फीडरला एक आठवडा दिवसा लाइन, एक आठवडा रात्री. रात्रीच्या आठवड्यात माणूस शेतात एकटा, सोबतीला रानडुकरं. भाचा नागपूरला शिकतो, दिवाळीत आला होता. तो म्हणाला, "मामा, हा गेम तुमच्यासाठीच आहे. झाडावर एकदा बोट ठेवलं की आपला माणूस तोडत राहते. तुम्ही पाणी पाहा."

गेमचं नाव ओल्ड स्कूल रुनस्केप. मूळ रुनस्केप ब्रिटनमधलं, २००१ सालचं. पुढे ते इतकं बदललं की जुन्या खेळाडूंनी ओरड केली, तेव्हा कंपनीने २००७ सालची जपून ठेवलेली प्रत काढून २०१३ मध्ये पुन्हा सुरू केली. मोबाइलवर आलं २०१८ मध्ये. चित्रं अगदी साधी, चौकोनी डोक्याची माणसं. माझ्या जुन्या फोनवर गरम न होता चालतं, हा त्याचा पहिला गुण.

पहिलं कुलूप लागलं नावाला. रोमन लिपीत जास्तीत जास्त १२ अक्षरं, आकडे चालतात, मध्ये जागा सोडलेली चालते, पण एक नाव साऱ्या जगात एकाच माणसाचं. अश्वत्थामा टाकलं. अकरा अक्षरं होतात, बसत होतं, पण कोणीतरी आधीच घेतलेलं. परशुराम गेलेलं. घटोत्कच गेलेलं! घटोत्कच कोणाला पाहिजे होता, देव जाणे. शेवटी भीम. चिखलदऱ्याला भीमकुंड आहे, कीचकाला मारून भीमानं तिथं हात धुतले म्हणतात, तेवढंच आपलं नातं. तेही गेलेलं, म्हणून मागे चार आकडे लावले: भीम९०५७. एसटीच्या गाडीचा नंबर वाटावा असं नाव घेऊन मी त्या जगात उतरलो.

आधी एका बेटावर शिकवणी होते. मासे धरा, जाळ करा, उंदीर मारा. मग लंब्रिज नावाच्या गावात सोडतात. तिथल्या वाड्यातला आचारी रडत बसलेला. सरदाराचा वाढदिवस आहे, केक करायचा आहे, अंडं, दूध आणि पीठ आणून दे. म्हटलं, हे आपल्याला जमण्यासारखं आहे.

दुकानातून बादली घेतली, गाईपाशी गेलो. इथं मी अडलो. मी वासरू शोधत होतो. खरंच सांगतो, पाच मिनिटं कुंपणाच्या आत वासरू शोधत फिरलो, कारण वासरू सोडल्याशिवाय, दोन ओढ दिल्याशिवाय गाय पान्हावते कशी? तिथं गाईवर बोट ठेवलं की बादली भरते. लाथ नाही, शेपटीचा फटका नाही, काही नाही. पिठाचं त्याहून मजेदार. शेतातला गहू तोडायचा, पवनचक्कीच्या सगळ्यात वरच्या माळ्यावर नेऊन नरसाळ्यात टाकायचा, बाजूची दांडी ओढायची, मग तळमजल्यावर येऊन मडक्यात पीठ भरायचं. मळणी नाही, उफणणी नाही. बायकोला दाखवलं तर ती म्हणे, "अन् चाळलं काहून नाही?"

मग पहिलं मरण. लंब्रिजहून व्हॅरॉक या मोठ्या शहराकडे पायी निघालो. शहराच्या दक्षिणेला गोल उभे केलेले दगड आहेत, तिथं काळे झगे घातलेले जादूगार उभे असतात. मला वाटलं पुजारी असतील. चार फटक्यांत मेलो. मेल्यावर माणूस पुन्हा लंब्रिजला उठतो, सगळ्यात महागाच्या तीन वस्तू जवळ राहतात, बाकीचं सामान मेल्या जागी थडग्यात. आणि ते उचलायला १५ मिनिटं. मी धावत निघालो, तेवढ्यात इकडे आळं फुटून पाणी शेजाऱ्याच्या तुरीत चाललेलं! फोन खिशात, फावडं हातात. येतो तो वेळ संपलेली. नंतर कळलं की सामान बुडत नाही, यमाच्या कचेरीत जमा होतं आणि थोडी फी भरून सोडवता येतं. म्हणजे आपला कोंडवाडाच की.

दुसरी फजिती पैशाची, ती लिहायची लाज वाटते पण लिहितो. व्हॅरॉकला ग्रँड एक्स्चेंज म्हणून तिथली बाजार समिती आहे. तिथं एक जण सारखा लिहीत होता, पैसे दुप्पट करून देतो. मी हजार दिले, त्यानं दोन हजार दिले. पाच दिले, दहा आले. मग गाईंची कातडी विकून विकून साठवलेले चाळीस हजार दिले. देवाणघेवाणीच्या खिडकीत दोनदा विचारतात, खरंच द्यायचे का? मी दोनदा हो म्हटलं. तो माणूस जागेवरून नाहीसा झाला. आमच्या भागात पैशाचा पाऊस पाडून देतो म्हणणाऱ्यांच्या नादी लागून लोक वावर विकून बसले, त्यांना मी चारचौघांत हसलो आहे. आता हसत नाही.

ते बदनाम नाव घेऊन फिरावंसं वाटेना. नवीन खातं काढलं. नाव टाकायच्या वेळी डोकं चालेना, बाजूला गोठ्याची पडकी भिंत दिसत होती, टाकलं पाखऱ्या. लगेच मिळालं! साऱ्या जगात हे नाव कोणालाच सुचलं नव्हतं.

पाखऱ्या आमच्या आज्याचा बैल. पांढरा, शिंगं सरळ. शंकरपटात, म्हणजे बैलांच्या शर्यतीत पळायचा. आजा नाल्याच्या या काठावरून हाक मारे तं तो त्या काठाला मान वर करे. मी पाच-सहा वर्षांचा होतो तेव्हा गेला.

तर मागे एकदा ड्रेनर गावाजवळ विलोची झाडं तोडत होतो. शेजारी तोडणाऱ्यानं विचारलं, तुझ्या नावाचा अर्थ काय? मी मोडक्या इंग्रजीत लिहिलं, आजोबांचा बैल. तो म्हणाला, चांगलं नाव आहे. तो फिनलंडचा निघाला. आता रोज रात्री दिसला की लिहितो, 'हॅलो बुल'. भीम असताना तीन महिन्यांत मला एकानंही नावानं हाक मारली नव्हती.

तुम्ही लोक कोणती नावं घेता? कशावरून ठरवता? आलोच, पाणी वळवून येतो.


कापूसकोंड्या | रविवार, रात्री १:३२

अबे भाऊ, हसून हसून पोट दुखून रायलं. वासरू पायत होता म्हणे! त्या गेममंधी दुसऱ्या वावरातल्या गाई मारतेत अन् कातडं इकतेत, थे नाई सांगतलं वहिनीले? बरं केलं.

माह्यं नाव तिथं बंडी आहे. फक्त बंडी. बैलबंडी रिकामी असो का भरेल, चालते. लोकाईले वाटते बँडी. म्हणू दे. दोन हजार बाराच्या आसपास शेगावले शिकत होतो, तवाचं खातं आहे, म्हणून इतकं लहान नाव भेटलं.

अन् पाखऱ्याचं आयकून डोये भरून आले राजा. आमच्या बाचा चांद्या होता. तळेगाव दशासरच्या पटात नेला होता एक डाव. मधात बंदी आली, पट बुडाले. २०२३ मधी सुप्रीम कोर्टानं शर्यतीच्या कायद्याले मान्यता देल्ली तवा बा हप्ताभर खुश होता, पण बैल कुठं रायले आता घरी? टॅक्टर हाय.

एक गोष्ट ध्यानात घेजो. पटातल्या बैलाचं नाव कधी लंबं नसते. चांद्या, बाण्या, हिऱ्या, लाल्या. धुरकरी बोंबलते तवा दमात बसलं पायजे. थे अश्वत्थामा म्हणेपर्यंत पट सरून जाईन.


वर्धेची_वैदेही | रविवार, सकाळी ८:०५

कापूसकोंड्यांनी मुद्द्याचं सांगितलं. हाक मारता येणं. मला हे फार उशिरा कळलं.

मी वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट खेळायचे, इंजिनिअरिंगला वसतिगृहात असताना. तिथं नियम आणखी कडक, २ ते १२ अक्षरं, आकडे नाहीत, जागा नाही, एकच शब्द. मी पहिल्यांदा नाइट एल्फ जातीचं पात्र घेतलं आणि एक नाजूकसं बाईचं नाव दिलं. झालं. कोणी फुकट तलवार देतोय, कोणी मागेमागे फिरतोय, कोणी विचारतोय खरी मुलगी आहेस का. पंधरा दिवसांत वीट आला. एसटी स्टँडवरचा अनुभव पैसे भरून कशाला घ्यायचा?

मग ड्वार्फ शिकारीण केली. ठेंगणी, रुंद, बंदूक घेतलेली. नाव ठेवलं आजीबाई. त्या दिवसापासून कोणी वाटेला गेलं नाही. एकच घोटाळा व्हायचा. परदेशी लोक शेवटचं 'बाय' वेगळं तोडून वाचायचे आणि त्यांना वाटायचं मी निरोप घेतेय. मग सगळे नुसतं आजी म्हणू लागले. चाळीस माणसांची टोळी, त्यात एक डेन्मार्कचा मुलगा होता, कानाला लावलेल्या हेडफोनमधून ओरडायचा, "आजी, मागे बघ!" मी २१ वर्षांची, वर्ध्यात उन्हाळ्यात बिनापंख्याच्या खोलीत. माझी खरी आजी सेलूजवळच्या खेड्यात. तिला सांगितलं तर म्हणाली, "त्याले म्हणा जेवला काय?" मी खरंच विचारलं. तो गोंधळला, पण मग काय खाल्लं ते सविस्तर सांगितलं.


टिंबटिंब | रविवार, सकाळी ९:१४

शेती करा. रात्रभर गेम खेळून संत्रा पिकत नाही.


संत्रावाला | रविवार, सकाळी ९:४०

टिंबटिंब साहेब, रात्री एक ते पाच मोटरीपाशी बसायला या. गेम नसला तर झोप लागते, झोप लागली तर पाणी वाहून जाते. माझा बापही तुमच्यासारखंच म्हणतो: "रातभर तिथं झाडं तोडते म्हणे, अन् इथं बंधाऱ्यावरची बाभूळ तोडाले सांगून सांगून थकलो."

बाभूळ खरंच राहिली आहे.


मास्तर_मोर्शीकर | रविवार, सकाळी ११:२०

संत्रावाला, तुमचा भीम९०५७ वाचून वाईट वाटलं, कारण यावर तोडगा आपल्या गावात फार पूर्वीपासून आहे.

आमचा भाग शेगावच्या गजानन महाराजांना मानणारा, त्यामुळे आमच्या शाळेत एकेका वर्गात चार-चार गजानन. आता गावानं त्यांना गजानन१, गजानन२ म्हटलं का? नाही. डीपीजवळचा गजा (विजेच्या डीपीजवळ घर), लंबा गजा, दूधवाला गजा, आणि एक बिचारा, लहानपणी विहिरीत पडला होता, तो पन्नाशीला आला तरी बुडेल गजा. कागदोपत्री नावापेक्षा हे पक्कं. पोस्टमनसुद्धा यावरच चालतो. तेव्हा गेममध्ये नाव गेलेलं असेल तर आकडा लावू नका, ठिकाण लावा, धंदा लावा, खोड लावा. बारा अक्षरांत बसवायची कसरत आहे, पण जमते.

दुसरी गोष्ट. नवखे लोक देवांची, वीरांची नावं घेतात आणि पहिल्या कोंबडीकडून मार खातात. आपल्या म्हाताऱ्यांची रीत उलटी होती. मुलं जगत नसली की पुढच्याचं नाव कचरू, धोंडू, दगडू. वाईटाची नजर पडू नये, पडली तर कचरा समजून पुढे जावी. लढाईच्या खेळात हे धोरण मला जास्त शहाणपणाचं वाटतं. व्हॅरॉकच्या त्या जादूगारांनी परशुरामाला आधी गाठलं असतं, कचरूला सोडलं असतं. (नसतं सोडलं, मला माहीत आहे. मीही त्याच दगडांत मेलो आहे. निवृत्तीनंतर नातवानं शिकवलं.)

गणिताचा मास्तर, म्हणून एक सांगून जातो. त्या खेळात कुठल्याही कौशल्याची शेवटची पायरी ९९. तिला १,३०,३४,४३१ गुण लागतात. ९२ व्या पायरीला असतात ६५,१७,२५३. म्हणजे ९२ ला पोचलात की निम्मं झालं. हे मी दहावीच्या पोरांना चक्रवाढीसाठी सांगितलं असतं तर एकही नापास झाला नसता, पण तेव्हा मलाच माहीत नव्हतं.

आणि हो, आपल्याच तालुक्यात रिद्धपूरला मराठीचं विद्यापीठ झालं, आणि आपण इथं रोमनमध्ये पाखऱ्या कसा लिहावा यावर डोकं फोडतो आहोत.


वडसेकर | रविवार, दुपारी २:१५

मास्तरांनी रोमनचा विषय काढला, तर माझंही थोडं. मी वडशाकडचा, झाडीपट्टीतला.

माझ्या पात्राचं नाव काळ्या. आता गंमत बघा. पुण्याचा मित्र वाचतो काळ्या. वऱ्हाडातला वाचतो काया. आमच्याकडे झाडीत ळ चा र होतो, म्हणून माझी आई म्हणते कारा. आणि रोमनमध्ये ळ ला एल शिवाय पर्याय नाही, म्हणून ब्राझीलचा माणूस म्हणतो कालिया. एकाच बिचाऱ्या काळ्याची चार नावं, आणि चौघंही बरोबर. तेव्हा नवख्यांनी शक्यतो ळ, ण, ठ, ऱ्या या अक्षरांच्या नादी लागू नये. पाखऱ्याचा फिनलंडवाला बुल म्हणून मोकळा झाला ते बरं झालं, नाहीतर पखार्या, पकारिया काय काय झालं असतं.

दुसऱ्याचं पात्र घेऊन जगणं याचं आम्हाला नवल नाही. दिवाळी झाली की आमच्याकडे नाटकांचा हंगाम, मंडईच्या दिवसांत गावोगावी रात्रभर नाटक, वडशात कंपन्यांच्या पाट्या ओळीनं लागलेल्या. आमच्या गावच्या एका काकांनी तरुणपणी खलनायक केला. मिशीवरून हात फिरवून 'पाटील म्हणतेत मले' असं काहीतरी वाक्य होतं. चाळीस वर्षं झाली, मिशी गेली, तरी धानाच्या बांधावरून लोक हाक मारतात, ओ पाटील! आडनाव त्यांचं भलतंच आहे. तुम्ही पात्राला नाव देता, मग पात्र तुम्हाला देतं, आणि नंतर ते काढून ठेवता येत नाही. म्हणून सांगतो, नाव ठेवताना घाई नको.


अर्धवट_अभियंता | रविवार, संध्याकाळी ६:४८

संत्रावालांना प्रश्न पडला नसेल, पण मला पडला: गावातल्या नेटवर्कवर हा खेळ चालतो कसा? उत्तर सोपं आहे. त्या खेळाचं घड्याळ ०.६ सेकंदाला एकदाच ठोका देतं. तुम्ही मध्ये कितीही बोटं मारा, हिशोब ठोक्यालाच होतो. त्यामुळे टॉवर लांब असला, सिग्नल अडखळला तरी फारसं बिघडत नाही. गोळीबाराचे खेळ असे चालत नाहीत, तिथं तुम्ही दिसण्याआधीच मेलेले असता.

नावांबद्दल. प्रत्येक खेळाचा जाच वेगळा. गिल्ड वॉर्स २ मध्ये जागा सोडता येते आणि १९ अक्षरं मिळतात, मास्तरांचा 'डीपीजवळचा गजा' तिथं आरामात बसेल. फायनल फँटसी १४ मध्ये नाव आणि आडनाव दोन्ही द्यावं लागतं, दोन्ही मिळून २० अक्षरं. तिथं माझ्या एका मित्रानं नाव तूर आणि आडनाव डाळ ठेवलं होतं. लोक त्याला आदरानं 'मिस्टर डाळ' म्हणायचे.

आता खरं दुखणं. माझ्या पुतण्याचं नाव हर्षित. रोमनमध्ये लिहून बघा आणि शेवटची चार अक्षरं मोठ्यानं वाचा. एका गेमनं नावच घेतलं नाही, असभ्य शब्द म्हणे. पोरगं दहा वर्षांचं, रडकुंडीला आलं, "काका, माझं नाव घाण आहे का?" त्याला समजावायला मला इंग्लंडला जावं लागलं. तिथं स्कनथॉर्प नावाचं गाव आहे. १९९६ मध्ये त्या गावच्या लोकांना एओएल या इंटरनेट सेवेवर खातंच काढता येईना, कारण गावाच्या नावाच्या पोटात एक इंग्रजी शिवी लपलेली आहे. यंत्र शब्द वाचत नाही, अक्षरं चाचपतं. तेव्हापासून या भानगडीला त्या गावाचंच नाव पडलं. आपले दीक्षित, रक्षित, अक्षित सगळे त्याच रांगेत. पुतण्याला इतकं आवडलं की आता तो शाळेत सांगत फिरतो, माझ्या नावावर बंदी आहे.


निंबोणी | रविवार, रात्री ९:०२

मी खेळणारी नाही. मुलगा तेरा वर्षांचा, आम्ही पुसदजवळ राहतो. हा धागा त्यानं वाचला आणि आता रुनस्केप पाहिजे म्हणून मागे लागला आहे. चाळीस हजारांचं वाचून मी घाबरले. ते खरे पैसे होते का? आणि तिथं अनोळखी लोक बोलतात, त्याचं काय?


संत्रावाला | रविवार, रात्री ११:५५

ताई, ते गेममधले पैसे, खऱ्या खिशातला एक रुपयाही गेला नाही. खेळ फुकट चालतो, महिन्याचं सभासदत्व वेगळं, ते घेतलं नाही तरी चालते. कार्ड-बिर्ड फोनला जोडूच नका, विषय संपला.

अनोळखी लोकांचं मात्र खरं आहे. मुलाला तीन गोष्टी सांगा. दुप्पट करून देतो म्हणणाऱ्याला काही द्यायचं नाही. 'माझ्या मागे ये, खजिना दाखवतो' म्हटलं तर जायचं नाही, कारण नकाशाच्या उत्तरेला रानटी मुलूख आहे, तिथं खेळाडू खेळाडूला मारून सामान लुटतो. आणि कोणी म्हणालं की इथं पासवर्ड लिहिला तर आपोआप फुल्या दिसतात, करून बघ, तर करून बघायचं नाही. तो पासवर्ड काढून घ्यायचा डाव असतो.

खरं नाव, गाव, शाळा लिहू नये हे तुम्हाला माहीतच असेल. आणि पहिले काही दिवस शेजारी बसा. माझ्या बायकोनं बसून पाहिलं म्हणून तिचा राग गेला. आता तीच विचारते, फिनलंडवाल्याकडे बर्फ पडला का?


कापूसकोंड्या | सोमवार, रात्री १२:२०

संत्रावाला, सभासदत्वाचं काढलं म्हणून सांगतो. तुह्यासारख्यानं थेच घ्याले पायजे. काहून का शेती फक्त सभासदाईलेच हाय तिथं. फुकट्या माणसाले वावर नाई.


संत्रावाला | सोमवार, रात्री १२:२६

काय सांगतो! म्हणजे मी शेतकरी आणि तिथं मला शेती नाही?


कापूसकोंड्या | सोमवार, रात्री १२:४१

नाई नं. पण आयक कशी हाय. पयले खुरपणी करा लागते, मंग कंपोष्ट टाका, मंग बी. पीक घड्याळावर वाढते, तू गेम बंद करून झोपला तरी वाढते. आलू लावले तं घंट्याभराच्या आत तयार. मधात रोग येते अन् पीक मरूनही जाते, थे अगदी आपल्यासारखं.

पण इथं फरक हाय. बहुतेक वावराईच्या बाजूले एक माळी उभा रायते. त्याले ठरलेला माल देल्ला, आलूले दोन बादल्या कंपोष्ट, का थो म्हणते मी पायतो. मंग त्या पिकाले काईच होत नाई. मरतच नाई. पीक विम्यावाणी पंचनामा नाई, ७२ घंट्यात तक्रार नाई, फोटो नाई, ॲप नाई. दोन बादल्या खत, अन् झोप जाऊन.

म्या पयल्यांदा पाह्यलं तवा दहा मिन्टं त्या माळ्याच्या तोंडाकडे पायत बसलो होतो.


मास्तर_मोर्शीकर | सोमवार, सकाळी ७:१०

या खेळाबद्दल आणखी एक. कंपनी नवं काही मोठं घालायचं म्हटलं की आधी खेळाडूंचं मतदान घेते. पूर्वी ७५ टक्के लागायचे, २०२२ पासून ७० टक्के. त्याहून कमी पडले तर ती गोष्ट येत नाही. मी आयुष्यभर ग्रामसभांना जात आलो. कोरम नाही म्हणून तहकूब झालेल्या सभा मोजायला बसलो तर ९२ च्या पुढे जाईन.


वर्धेची_वैदेही | सोमवार, दुपारी १:३०

मास्तर, निम्मं झालं म्हणायचं मग!


निंबोणी | सोमवार, रात्री ८:४५

शेवटी घेतला. मुलानं आधी स्वतःच्या मनानं ड्रॅगन, किंग, किलर सगळं टाकून पाहिलं, एकही मिळालं नाही. मग त्याला मास्तरांचं लिहिलेलं वाचून दाखवलं. आमच्या आईच्या घरासमोर मोठी चिंच आहे, पोरं दिवसभर तिच्याखाली असतात. त्यानं टाकलं 'चिंचेखाली'. रोमनमध्ये मोजून बारा अक्षरं, एकही जास्त नाही. मिळालं.

आता आचाऱ्यापाशी अडलो आहोत. अंडं झालं, दूध झालं. (मीही वासरू शोधलं.) गहू वर नेऊन टाकला, पण खाली पीठच येत नाही. मुलगा म्हणतो गेम बिघडला.


संत्रावाला | सोमवार, रात्री ८:५८

बिघडला नाही ताई. वरच्या माळ्यावर पेरणीच्या चाड्यासारखं नरसाळं आहे ना, त्याच्या बाजूची दांडी ओढायची राहिली असेल. गहू टाकला की दांडी, मग दोन जिने खाली. रिकामं मडकं सोबत आहे का तेही पाहा, मी दोनदा मडक्याशिवाय गेलो होतो.


निंबोणी | सोमवार, रात्री ९:०४

दांडीच राहिली होती. आणि मडकंही नाही.


संत्रावाला | सोमवार, रात्री ९:०६

त्याला म्हणा गिरणीच्या दाराशी थांब. माझ्याकडे एक जास्तीचं आहे. मी गाईंच्या कुरणात आहे, पूल ओलांडून येतो, दोन मिनिटं.


निंबोणी | सोमवार, रात्री ९:०९

थांबला आहे. तुम्हाला ओळखायचं कसं विचारतो.


संत्रावाला | सोमवार, रात्री ९:१०

डोक्यावर नाव दिसत नाही तिथं, बोट ठेवावं लागते. त्यापेक्षा पाखऱ्या म्हणून हाक टाक म्हणा, मी मान वर करतो.